बाहेरची लाइन

“वास आला की पळायचं. कशाचा आला ते मग विचारायचं, बाहेर उभं राहून.”

थोरल्या भाऊजींचा हा आवाज तिच्या कानात अजून जसाच्या तसा होता. लग्न होऊन ती घरात आली त्याच आठवड्यात, हातातला घास हातातच धरून ते हे बोलले होते. शीतगृहाच्या यंत्रखोलीत त्यांचा जन्म गेलेला. कंप्रेसरच्या धडधडाटावर आवाज चढवून बोलायची सवय अशी मुरलेली, की घरात त्यांनी मीठ मागितलं तरी भिंतीपलीकडची शेजारीण मिठाचा डबा घेऊन दारात उभी. नव्या नवरीला कशाला भिववता, असं जाऊबाई म्हणाल्या, तेव्हा ते हसले होते. भिववत नाही, पळायला शिकवतोय, म्हणाले. बायकांना बाकी सगळं शिकवतात, तेवढं पळायचं कुणी शिकवत नाही.

आणि असं सांगणारा हा माणूस पुढं एका दुपारी गॅस सुटलेल्या यंत्रखोलीत व्हॉल्व्ह बंद करायला शिरला, तो आपल्या पायांनी बाहेर आला नाही.

कंपनीचं म्हणणं असं पडलं, की त्यांनी कुणाला कळवलंच नाही. ना फाटकावरच्या केबिनीला, ना साहेबांना. अंगात धाडस फार, गेले एकटेच आत. चूक त्यांची, तरी माणुसकी म्हणून घरातल्या एकाला कामावर घेऊ. हे सांगायला धाकटे साहेब स्वतः आले होते. मालकांचे पुतणे, कारखाना तेच बघायचे. जाऊबाईंचा त्या सांगण्यावर विश्वास कधीच बसला नाही. पण न बसलेल्या विश्वासाला साक्षीदार कुठून आणायचा? त्या फाटकात माझं पाऊल पडायचं नाही, एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. तिच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. गावातली सगळी बंद पडलेली घड्याळं त्याच्यापुढं मांडलेली, त्यामुळं त्याला कशाचीच घाई नसे. उरली ती. तिला टेलिफोनच्या बोर्डावर बसवलं, आणि महिन्याभरात सगळा कारखाना तिला हॅलोताई म्हणू लागला.

बोर्डाची खोली जिन्याखाली होती. खिडकी नाही, छत तिरकं, उठताना डोकं सांभाळावं लागे. समोर भोकाभोकांची काळी पाटी, प्रत्येक भोकावर एक बारका दिवा, आणि खाली वायरींची वेणी. दिवा लागला की वायर उचलायची, कुठं देऊ विचारायचं, आणि त्या भोकात खोचायची. असलं यंत्र आता कुठं उरलं नसेल. पण मालक जुनं काही टाकत नसत, माणसं सोडून. कामावर येणाऱ्यांचे मोबाइल फाटकाशीच लाकडी खणांत ठेवून घेत. त्यामुळं एकदा जाड दाराआड, थंड कोठ्यांत माणूस गेला, की बाहेरच्या जगाशी बोलायला त्याला एकच वाट होती, आणि ती हॅलोताईच्या बोटांतून जायची.

त्या वाटेवर एक नाकं होतं.

सगळ्या देशाला माहीत असलेला तो तीन आकडी नंबर आहे ना, आग लागली, अपघात झाला, कुणाला झटका आला, कुणी कुणाच्या अंगावर धावून गेलं, तर कुठूनही, कुणीही फिरवायचा, तोच. बसच्या पाठीवर, शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. कारखान्यातून तो फिरवला की बोर्डावर लाल दिवा लागायचा. आणि लाल दिवा लागला की वायर बाहेरच्या लाइनीत खोचायची नाही, केबिनीत खोचायची, असा नियम होता. केबिनीत शिट्टीकाका. ते ऐकणार, जाऊन बघणार, मग साहेबांना विचारणार, आणि साहेबांना वाटलं तर बाहेर कळवणार. घरची गोष्ट आधी घरात, असं धाकटे साहेब म्हणत.

शिट्टीकाका म्हणजे सुरक्षेचे प्रमुख. गळ्यात शिट्टी, मिशा काळ्याभोर रंगवलेल्या. शिट्टी वाजवल्याशिवाय त्यांना शिंकसुद्धा येत नाही, असं पॅकिंगच्या बायका म्हणायच्या. पण हॅलोताईवर त्यांची माया. सकाळचा चहा आधी तिला पाठवायचे. घरी सगळी बरी ना, वहिनींची, म्हणजे जाऊबाईंची, तब्येत बरी ना, हे रोज विचारायचे. दोन गल्ल्या सोडून राहत होते, तरी इतक्या वर्षांत घरी म्हणून कधी आले नाहीत. या म्हटलं की गुडघा दुखतो म्हणायचे.

नियम हॅलोताईनं पहिल्या दिवशी ऐकला, आणि दाराच्या कडीसारखा रोज हाताळत राहिली. लाल दिवा लागायचाही क्वचित. कुणाच्या बोटाला पेटीचा खिळा लागला, कुणी घसरलं, एवढंच. कडीचा आवाज रोज कानावर पडला की ऐकू येईनासा होतो, तसं झालं. तो पुन्हा ऐकू आला पॅकिंगमधल्या बडबडीमुळं.

बडबडी फळं निवडून पेट्या भरायची, आणि हात जितके चालायचे त्याच्या दुप्पट तोंड. चार-पाच दिवस ती कामावर दिसली नाही. आली तेव्हा सांगू लागली की सासरे न्हाणीघरात पडले, तोंड वाकडं झालं, घरातली तिघं तीन दिशांना गाडी शोधायला धावली. कुणी टेंपोवाला मिळाला, तो डिझेल भरून येतो म्हणाला. दवाखाना गाठेपर्यंत इतका उशीर झाला, की जीव वाचला, पण एक बाजू गेली ती गेलीच. हॅलोताईनं विचारलं, अगं, मोबाइल होता ना हातात, नंबर का नाही फिरवलास?

“कुठला, तो तीन आकडी? तो तर शिट्टीकाकांचा. ते काय आमच्या न्हाणीघरात येऊन शिट्टी वाजवणार?”

टेबलावरच्या सगळ्या बायका हसल्या. हॅलोताईही हसली, पण तेवढ्यावर तिनं सोडलं नाही. तिनं पलीकडच्या बाईला विचारलं. तीही तेच म्हणाली. हमालांना विचारलं, यंत्रखोलीत विचारलं. काहीजणांना ठाऊक होतं, बहुतेकांना नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी तो नंबर फिरवला की पलीकडून एकच आवाज यायचा, म्हणून तो नंबर त्या आवाजाचा झाला होता. मग गावात भिंतीभिंतीवर का रंगवलाय, असं तिनं एका म्हाताऱ्या हमालाला विचारलं, तर तो म्हणाला, कंपनी मोठी आहे, करत असेल जाहिरात.

त्या दिवशी ती घरी चालत गेली. वाटेत शाळेच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचे ते तीन आकडे होते. रोज दिसायचे. आज ती त्यांच्यापुढं उभी राहिली. कुणाच्या घरात काय पेटेल, कुणाचा श्वास कधी अडकेल, कुणाला सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून ठेवलेली ही एक हाक. श्रीमंताची निराळी नाही, झाडूवाल्याची निराळी नाही. परक्या गावातून, परक्या फोनवरून, खिशात दमडी नसताना मारली तरी पोचणारी. आणि तीच हाक तिच्या माणसांच्या जिभेवरून कुणी उचलून नेली होती, आणि उचलून नेल्याचं त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. उचलणाऱ्याच्या हातात वायर कुणाची होती? तिचीच.

दुसऱ्या दिवशी तिनं शिट्टीकाकांना हे सांगितलं. ते मिशीवरून बोट फिरवत खणांमधल्या मोबाइलांकडं बघत राहिले आणि नियम आहे, एवढंच म्हणाले. धाकट्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बाई, तुम्ही वायरी खोचा, डोकं आम्ही खोचतो. बोलताना ते प्रेमळ हसलेसुद्धा.

मग उन्हाळा चढला, कोठ्या काठोकाठ भरल्या, कंप्रेसर दिवसभर धापा टाकू लागले. एका दुपारी, जेवणाची सुट्टी नुकती संपलेली, आणि लाल दिवा लागला.

बडबडीच होती. पण आज शब्द मोजके. मागच्या कोठीकडून गॅस येतोय, डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतंय, एकजण खाली बसलाय, काकांना लवकर सांग. मागं कुणीतरी खोकत होतं, तो खोकला आत ओढून घेतल्यासारखा.

हॅलोताईचा हात सवयीनं केबिनीच्या भोकाशी गेला. बाहेरच्या लाइनीचं भोक त्याच्या शेजारीच होतं. मध्ये बोटभर लाकूड. त्या बोटभर लाकडावर तिचा हात थांबला, आणि मग तिनं वायर बाहेर खोचली.

पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला. तिनं विचारलं, कुठून बोलताय? एवढंच. तुम्ही कोण, कुणाच्या परवानगीनं, कुठल्या खात्यात, काही नाही. इतकी वर्षं हॅलोताई ज्याला त्याला कोण बोलतंय ते आधी विचारत आली होती; या मुलीला फक्त कुठं ते हवं होतं. हॅलोताईनं सांगितलं. काय झालंय, किती माणसं आत आहेत, वारा कुणीकडून वाहतोय? वारा तिच्या खोलीत कधी आलाच नव्हता. ती धावत जिना चढली, आवारापलीकडं वाळत घातलेले कपडे कुठं फडफडतायत ते बघून आली, आणि धापा टाकत म्हणाली, रस्त्याकडून यंत्रखोलीकडं. मग माणसांना रस्त्याकडं काढा, ती मुलगी म्हणाली, तोंडावर ओलं फडकं धरायला सांगा. गाड्या निघाल्यात, तुम्ही एकट्या नाही.

मग हॅलोताईनं बोर्डावरचं एकेक भोक वाजवलं. पॅकिंग, हमालखोली, वरचं ऑफिस, कोठी, पुन्हा कोठी. सगळ्यांना एकच सांगितलं: हातातलं टाका, ओलं फडकं धरा, रस्त्याच्या बाजूला पळा. कुणी विचारलं, साहेबांनी सांगितलंय का? ती म्हणाली, मी सांगतेय. कुणी विचारलं, कशाचा वास आहे? ते बाहेर गेल्यावर विचार, म्हणाली.

मग केबिनीचा दिवा लागला.

“हॅलोताई, लांबून बंबांचे भोंगे ऐकू येतायत. बाहेर कुणी कळवलं?”

“मी.”

“साहेबांना विचारलंस?”

“नाही, काका. आणि विचारणारही नाही. फाटक उघडा.”

फाटकाशी काय झालं ते तिला मागून कळलं. शिट्टीकाका किल्ली हातात धरून, फोनकडं बघत उभे होते. साहेबांचा फोन लागत नव्हता. सगळ्यात पुढच्या बंबावरून एक धिप्पाड बाई उतरली. कुलूप उघडता, की कापू, असं तिनं अगदी गोड आवाजात विचारलं. काकांनी उघडलं. उघडताना किल्ली दोनदा खाली पडली. तोवर आतली माणसं फाटकापर्यंत पोचली होती, भिजलेली, खोकणारी, एकमेकांना धरून. काहींना दवाखान्यात नेलं. काहींचे डोळे बरेच दिवस लाल राहिले. पण त्या संध्याकाळी आपल्या घरी गेलं नाही असं कुणीही उरलं नाही.

तपासणीवाले आले. कोठीमागचा पाइप इतका सडला होता, की त्यावर टिचकी मारायचीही भीती. पाइप बदलेस्तोवर त्यांनी कारखान्याला सील ठोकलं.

आता सगळ्यांनी हॅलोताईला डोक्यावर घेतलं असेल, असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. काम बंद, हात रिकामे, रोज दारात बसून दिवस ढकलायचा. बंबानं गाव जमलं, त्यामुळं सील बसलं. नुसते काका येऊन बघून गेले असते तर भागलं असतं, अशी कुजबुज सुरू झाली. नळावर एकीनं ऐकवलं, आमच्या पोटावर हिचा हॅलो. बडबडी तिथंच होती. तिनं त्या बाईची भरलेली बादली तिच्याच पायांवर पालथी केली आणि म्हणाली, डोळे लाल दिसतायत गं तुझे अजून, धू जरा.

कारखाना उघडला तेव्हा जिन्याखालच्या खोलीत एक नवी मुलगी बसलेली होती. आणि लाल दिव्याचा नियम तोच. पाइप बदलला, नियम नाही. हॅलोताईला रिकाम्या गोण्यांच्या शेडमध्ये पाठवलं: झटकायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, शिवायच्या. तिथं फोन नव्हता. बोलायला माणूस नव्हतं. धाकट्या साहेबांना वाटलं असावं, की हिची वायर काढली.

पण जीभ तर तिची तिच्याकडंच होती. गोणी शिवता शिवता तिच्या ओठांवर ओळी जुळू लागल्या, तिच्या आईच्या जुन्या चालीवर.

तीन आकडे गं बाई, नाहीत कुणा मालकाचे,
साऱ्या जगाने ठेवले, दार उघडे हाकेचे.

कोण तू गं, नाही पुसत, पुसे फक्त, कुठे आहेस,
वाऱ्यासंगे येते लेक, म्हणे, एकटी तू नाहीस.

गोण्या न्यायला पॅकिंगच्या बायका यायच्या, त्या एक ओळ घेऊन जायच्या. बडबडीला चाल कधी धरता आली नाही, पण आवाज मोठा. आठवड्याभरात पॅकिंगच्या टेबलावर हेच गाणं. प्रत्येकीनं त्यात आपली ओळ घातली, आकडे तर इतक्या वेळा घातले, की बायकांची पोरं दोरीवरच्या उड्या त्या आकड्यांवर मारू लागली. एकीनं पेटीवर माल लिहायच्या ब्रशानं, काळ्या शाईनं ते तीन आकडे पेटीच्या कडेला लिहिले. दुसरीनं बघून लिहिले. ट्रक भरून पेट्या गावोगाव गेल्या, आणि कुठल्याशा दुकानदारानं फोन करून धाकट्या साहेबांना विचारलं, चांगलं काम करताय हो, हे छापायचं कुणाच्या डोक्यातून आलं?

त्यानंतर चौकशी बसली.

हॅलोताईला निरोप आला तो तोंडी, पण स्पष्ट. तिनं सगळ्यांदेखत सांगायचं, की मी घाबरले, घाबरून बाहेर फोन लावला, केबिनीची पद्धत चांगली आहे, पुन्हा असं करणार नाही. सांगितलं, तर बोर्डावर परत. नाही, तर उद्यापासून फाटक बंद.

घरी तिनं तो निरोप सांगितला. नवरा एका घड्याळाचं पोट उघडून बसलेला. त्यानं भिंग डोळ्यावरून न काढता सांगितलं, तुला पटेल ते कर, आपलं भागेल. त्याच्या परीनं हे लांबलचक भाषण होतं. जाऊबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

हॅलोताईनं विचारलं, जाऊबाई, तुम्ही काहीच बोलत नाही. भाऊजींच्या जागी मिळालेली नोकरी ती, तुम्हाला काय वाटतं?

जाऊबाई म्हणाल्या, मला काय वाटायचंय. त्यांच्या जागी मला ते हवे होते, नोकरी नको होती. मग सुरी बाजूला ठेवून म्हणाल्या:

“माफी मागायची तर खुशाल माग, मी अडवणार नाही. फक्त एवढं सांग, की उद्या तिथं किती वाजता बोलावलंय. मी येतेय.”

“त्या फाटकात तुम्ही पाऊल टाकणार?”

“माझं पाऊल आहे. मीच अडवलं होतं, मीच सोडते.”

चौकशी वरच्या ऑफिसात झाली. लांब टेबल, मागं धाकटे साहेब, त्यांच्या दोन्ही बाजूंना मालकांकडून आलेले दोघं. कामगारांतर्फे चौघा-पाचजणांना बसू दिलं होतं. त्यांत बडबडी, जिला बोलायचं नाही अशी ताकीद होती. जाऊबाईंना दारावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं नाही. अडवायला म्हणून तो पुढं झाला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघून आपण कशाला उठलो होतो तेच विसरला. त्या आत येऊन भिंतीशी बसल्या. शिट्टीकाका खिडकीपाशी उभे होते. जाऊबाईंना बघून त्यांनी गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली.

धाकटे साहेब गोडच बोलले. बाई साध्या आहेत, घाबरल्या, होतं असं, आम्हाला कुणाचं वाईट करायचं नाही. घरच्यांसारख्याच त्या. बोला बाई.

हॅलोताई उभी राहिली. वर पंखा फिरत होता. उठताना तिनं सवयीनं डोकं जपलं, आणि इथलं छत सरळ आहे हे लक्षात येऊन ताठ झाली.

“घाबरले होते, साहेब, हे खरं. पण फोन घाबरून नाही लावला. घाबरले असते तर केबिनीत खोचली असती वायर. इतकी वर्षं तेच करत होते.”

बडबडीनं घसा साफ केला. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं.

“तो नंबर कंपनीचा नाही,” हॅलोताई पुढं म्हणाली. “तुमचा नाही, माझा नाही. सगळ्यांचा रस्ता आहे तो. रस्त्यावर तुम्ही केबिन टाकलीत, आणि आमच्या माणसांना वाटायला लागलं की रस्ता इथंच संपतो. हिचे सासरे अर्धे गेले, घरी फोन असून. आतल्या माणसाचा श्वास अडकला तर त्यानं आधी तुमची परवानगी काढायची? आणि तुम्ही जेवायला गेला असाल तर? मी माफी मागणार नाही. मला परत बोर्डावर बसवा, उद्या लाल दिवा लागला तर मी तेच करीन. नका बसवू, तरी जी बसली आहे ती करील. मी तिला गाणं शिकवलंय.”

मालकांकडून आलेल्यांपैकी एकाला हसू आलं, ते त्यानं रुमालात धरलं. धाकट्या साहेबांच्या चेहऱ्यावरचा गोडवा मात्र आटला. ते म्हणाले, तुमच्या भावना राहू द्या, आपण पद्धतीचं बघू. केबिनीची पद्धत या कारखान्याच्या जन्मापासून आहे. ती चुकल्याचं एक उदाहरण दाखवा. एकच. फोन आला आणि काम झालं नाही, असं आजवर झालेलं नाही. मागं एकदा अपघात झाला, तोही फोन न केल्यामुळं झाला. या बाईंच्या घरच्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

असं म्हणून त्यांनी भिंतीकडं हात केला. जाऊबाईंनी नजर हलवली नाही. त्या साहेबांकडं बघतही नव्हत्या.

साहेब म्हणाले, प्रमुख इथं आहेतच. सांगा हो, केबिनीत आलेला फोन कधी वाया गेलाय?

हे विचारताना ते उत्तराची वाटही बघत नव्हते; पुढचा कागद उचलत होते. नाही, एवढा एक शब्द हवा होता, आणि हॅलोताईचं फाटक बंद.  शिट्टीकाकांनी हॅलोताईकडं पाहिलं. तिनं त्यांना वाचवायला नजर खाली घेतली नाही. मग त्यांनी जाऊबाईंकडं पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांची नजरानजर झाली.

“प्रमुख?” साहेब म्हणाले.

शिट्टीकाका खिडकीपासून निघाले. टेबलाकडं जायचं होतं, ते गेले भिंतीकडं. जाऊबाईंच्या समोर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, ते खाली जमिनीवर बसले, दुखऱ्या गुडघ्यासकट. मागून साहेबांनी काहीतरी म्हटलं. ते कुणीच ऐकलं नाही.

“वहिनी,” ते म्हणाले, “त्यांनी फोन केला होता. मला. वास सुटलाय, माणसं आत आहेत, बंब बोलवा, म्हणाले. मी म्हटलं, थांबा, साहेबांना विचारतो. साहेब म्हणाले, गाव गोळा करू नका, आधी त्यालाच बघू दे. ते मीच त्यांना कळवलं, वहिनी. तुम्हीच बघा, म्हटलं. म्हणून ते आत गेले.”